स्पॅनिशला जायचं तर इंग्रजीचा वळसा कशाला?



आकडा आधी सांगतो, म्हणजे ज्यांना उठून जायचं असेल त्यांना वेळेत जाता येईल. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची स्वतःची भाषाशाळा आहे. वकिलातींमध्ये जाणाऱ्या अधिकाऱ्यांना तिथं परदेशी भाषा शिकवतात. अनेक वर्षांच्या अनुभवावरून त्यांनी भाषांच्या श्रेणी पाडल्या आहेत आणि इंग्रजी बोलणाऱ्याला सर्वांत सोप्या जाणाऱ्या श्रेणीत स्पॅनिश बसते. आता सर्वांत सोपी म्हणजे किती? कामकाज करण्याइतकी यायला वर्गातले सुमारे ६०० ते ७५० तास. तेही शिक्षक समोर, पगार चालू आणि दुसरं काम नाही अशा थाटात. आपण घरी बसून रोज अर्धा तास दिला, तर सव्वातीन ते चार वर्षं झाली. रोज दीड तास दिला, तर सव्वा वर्षाच्या आसपास. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर 'तीस दिवसांत स्पॅनिश' असं छापलेलं असतं, ते तीस दिवस कुठल्या ग्रहावरचे, हे छापणाऱ्यालाच ठाऊक.

मी एकसष्टाव्या वर्षी सुरुवात केली. आज सहासष्ट पूर्ण आहेत. मी महूला राहतो, तिथं मला स्पॅनिशचा वर्ग सापडला नाही, म्हणून एकट्यानं शिकलो. यात शौर्य काही नाही. पुस्तकं, फोन, इंटरनेट आणि रिकामा वेळ, इतकी सामग्री आज बहुतेक निवृत्त माणसाकडे असते. तरीही लोक सुरू करतात आणि दोन महिन्यांत सोडतात. ते का सोडतात, याचा मी बराच विचार केला आहे. माझं मत असं, की आपण चुकीच्या दरवाज्यानं आत शिरतो.

सगळी पुस्तकं इंग्रजीतून. सगळी अ‍ॅप इंग्रजीतून. ती लिहिणाऱ्यांना इंग्रजी बोलणाऱ्या माणसाच्या अडचणी माहीत असतात आणि त्याच अडचणी ते समजावून सांगतात. आपल्याला त्या अडचणी नसतातच. पण पुस्तकात लिहिलंय म्हणजे अवघड असणार, असं मानून आपणही घाबरतो. दारात उभ्या असलेल्या माणसाला खिडकीतून कसं चढायचं ते शिकवावं, तसा हा प्रकार.

उदाहरण देतो. 'मला कॉफी आवडते' हे स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता एल काफे'. इंग्रजी पुस्तकात यावर अख्खा धडा असतो. त्यांच्याकडे 'मी' हा कर्ता आणि कॉफी हे कर्म. स्पॅनिशमध्ये ते उलटं कसं, आवडणारी वस्तूच कर्ता कशी होते, क्रियापद तिच्याप्रमाणे कसं बदलतं, हे ते बिचारे चार-चार पानं समजावतात. आता मराठी बघा. मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात. स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता एल मांगो', 'मे गुस्तान लोस मांगोस'. 'मला' जागच्या जागी आणि क्रियापद आंब्याच्या मागे. शिकायला उरलं काय? चार शब्द. 'मला वाटतं' म्हणजे 'मे पारेसे', तेही याच घडणीचं.

दुसरं. स्पॅनिशमध्ये माणूस कर्म असेल तर त्याच्याआधी 'आ' लागतो, वस्तू असेल तर लागत नाही. 'बेओ ला कासा' म्हणजे मी घर बघतो. 'बेओ आल निन्यो' म्हणजे मी मुलाला बघतो. इंग्रजी पुस्तकांनी याला खास नाव दिलंय, खास चौकट आखलीय. आपण 'मी मुलगा बघतो' म्हणालो, तर ऐकणाऱ्याला वाटेल की घरात उपवर मुलगी आहे! 'घर बघतो' आणि 'मुलाला बघतो' हा फरक आपण तीन वर्षांचे असल्यापासून करतो. गंमत पुढेच आहे. 'मी डॉक्टर शोधतोय' म्हटलं, तर कुठलाही डॉक्टर चालेल. 'माझ्या डॉक्टरांना शोधतोय' म्हटलं, तर ठरावीक माणूस. स्पॅनिशमध्येही 'बुस्को उन मेदिको' आणि 'बुस्को आ मी मेदिको'. इतका बारीक फरक दोन्ही भाषांत सारखा निघाला, तेव्हा मी वही बाजूला ठेवून चहा करायला उठलो होतो. एकट्यानं शिकणाऱ्याला शाबासकी द्यायला कोणी नसतं, चहाच करावा लागतो.

तिसरं म्हणजे ते सगळ्यांना घाबरवणारं प्रकरण. इच्छा, शंका, विनंती, आशा व्यक्त करताना स्पॅनिश क्रियापद वेगळं रूप घेतं. 'तू येतोस' म्हणजे 'बिएनेस', पण 'तू यावंस अशी माझी इच्छा आहे' म्हणजे 'किएरो के बेंगास'. इंग्रजीत ही रूपं जवळजवळ झिजून गेलेली, म्हणून त्यांची पुस्तकं याला डोंगर म्हणतात. आपल्याकडे 'येतोस' आणि 'यावंस' ही दोन रूपं ठणठणीत जिवंत आहेत. शाळेत त्याला विध्यर्थ म्हणायचे, आठवत असेल. दोन्हीकडचा वापर शंभर टक्के जुळत नाही, पण तीन चतुर्थांश रस्ता 'यावं, करावं, बोलावं' यांच्या बोटाला धरून पार होतो. तसंच 'गेलो' आणि 'जायचो'. काल नदीवर गेलो, 'फुई'. लहानपणी नदीवर जायचो, 'इबा'. हा फरक इंग्रजी बोलणाऱ्याला वर्षभर छळतो. आपण तो आजोबांच्या गोष्टी ऐकताना शिकलेलो आहोत.

आणि उच्चार. स्पॅनिशचे पाच स्वर म्हणजे आ, ए, इ, ओ, उ. पाचही स्वच्छ, पाचही आपले. त्यांचा 'त' हा आपला त, 'द' बराचसा आपला द. पण आपण इंग्रजीच्या दारानं शिरलो की ताकोचा टाको करतो. ट आणि ड स्पॅनिशमध्ये नाहीतच, ते घरी ठेवून निघायचं. 'न्य' हा ध्वनी आपला ञ. 'पेरो' म्हणजे 'पण' आणि 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. हा दुहेरी र काढता येत नाही म्हणून इंग्रज माणसं आरशासमोर उभी राहून घसा सुकवतात. आपल्याकडे पाखरू भुर्रकन उडतं. तोच र. ब आणि व यांत ते फरक करत नाहीत, ह लिहितात पण उच्चारत नाहीत. हे दोन दिवसांत अंगवळणी पडतं.

एका बाबतीत मात्र मराठी आपल्याला सावध करत नाही, ती म्हणजे आघात. आपल्या भाषेत शब्दाच्या कुठल्या अक्षरावर जोर दिला यानं अर्थ बदलत नाही. तिथं बदलतो. 'आऽब्लो' म्हणजे मी बोलतो. 'आब्लोऽ' म्हणजे तो बोलला. नियम सोपा आहे. शब्दाच्या शेवटी स्वर, न किंवा स असेल तर शेवटून दुसऱ्या अक्षरावर जोर, एरवी शेवटच्या अक्षरावर आणि अपवाद असेल तिथं अक्षरावर चक्क तिरकी रेघ काढून दिलेली असते. इतकी प्रामाणिक लिपी असल्यावर तक्रारीला जागा नाही.

शब्दांचंही सांगतो, कारण इथं आपला इतिहास कामाला येतो. साबण, चावी, पाव, बटाटा, पगार, बालदी, बिजागरी हे शब्द आपल्याला पोर्तुगिजांकडून मिळाले. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. म्हणून साबण 'हाबोन' होतो, चावी 'याबे', पाव 'पान', बटाटा 'पाताता', 'पागार' म्हणजे पैसे चुकवणे, आणि बिजागरी तर 'बिसाग्रा', जवळजवळ जशीच्या तशी. दुसरी वाट अरबीची. स्पेनमध्ये ७११ ते १४९२ या काळात कमी-अधिक प्रदेशावर मुस्लिम राजवटी होत्या. त्या काळातले शब्द आजही तिथं रोजच्या तोंडी आहेत. नगराध्यक्षाला 'अल्काल्दे' म्हणतात, तो मूळचा अल-काझी. जकातनाका म्हणजे 'आदुआना', त्यात आपला दिवाण लपलाय. 'फुलानो' म्हणजे फलाणा. 'नारांहा' म्हणजे नारंग, तो तर इथूनच निघून फारसी-अरबीच्या खांद्यावर बसून तिकडे पोहोचला. फौजी माणसाला आवडेल असा शब्द 'आहेद्रेस', म्हणजे बुद्धिबळ. तो अरबीतल्या शतरंजचा आणि शतरंज आपल्या चतुरंगाचा. हत्ती, घोडे, रथ, पायदळ असं चतुरंग सैन्य चालत चालत माद्रिदपर्यंत गेलं म्हणायचं.

आता जिथं मराठी उपयोगी पडत नाही ते सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल कर्नलसाहेब जाहिरात करतायत. आपल्या 'आहे'ला तिथं दोन शब्द आहेत, 'सेर' आणि 'एस्तार'. पुस्तकं सांगतात, कायमचं असेल तर सेर, तात्पुरतं असेल तर एस्तार. हा नियम पहिल्याच आठवड्यात तुम्हाला दगा देतो. माद्रिद स्पेनमध्ये आहे, हे काही तात्पुरतं नाही, तरी तिथं एस्तार. माणूस मेला आहे, याहून कायमचं काय असणार, तरी तिथंही एस्तार. मी माझ्यापुरतं असं ठरवलं, की वस्तू काय आहे हे सांगायचं तर सेर, आणि ती कुठे आहे किंवा कोणत्या अवस्थेला येऊन पोचली आहे हे सांगायचं तर एस्तार. मरण ही पोचलेली अवस्था. 'एस लिस्तो' म्हणजे तो हुशार आहे, 'एस्ता लिस्तो' म्हणजे तो तयार आहे. फौजेत दोन्ही लागतात, आणि दोन्ही एकाच माणसात सापडले तर त्याची बढती लांबत नाही. 'पोर' आणि 'पारा' ही आणखी एक जोडी आहे, आपल्या 'मुळे' आणि 'साठी'सारखी, पण पूर्णपणे नाही. ती वाचता वाचता बसते. त्यावर वेळ घालवू नका.

लिंगाचा बाऊ करू नका. त्यांच्याकडे दोनच, आपल्याकडे तीन. 'एल मापा' म्हणजे नकाशा. शेवटी आ असूनही पुल्लिंगी. 'ला मानो' म्हणजे हात. शेवटी ओ असूनही स्त्रीलिंगी. हात त्यांच्याकडे ती झाला तर आपलं काय बिघडलं? आपण तरी टेबलला ते आणि खुर्चीला ती का म्हणतो, हे कोणाला सांगता येतं?

वयाबद्दल विचारणा होते, म्हणून तेही. मी बावीस वर्षांचा असताना गोरखा पलटणीत दाखल झालो. तिथं अधिकाऱ्याला जवानाची भाषा यायलाच हवी हा दंडक आहे आणि तो योग्य आहे. ज्याच्या भाषेत आपण त्याच्या आईची विचारपूस करू शकत नाही, त्याला डोंगरावर चढ म्हणण्याचा अधिकार कागदावरच राहतो. मी गोरखाली काही महिन्यांत बोलू लागलो. 'मलाई चिया मन पर्छ', मला चहा आवडतो. बघा, इथंही तेच 'मला'. पण ते शिकणं आणि हे शिकणं यात फरक आहे. तिथं चोवीस तास सोबत होती आणि न बोलून सुटका नव्हती. एकसष्टाव्या वर्षी खोलीत एकट्यानं शिकताना गरज आपणच निर्माण करावी लागते. कान मंदावलेले असतात, नवे शब्द हातातून वाळूसारखे सुटतात. उलट व्याकरणाचा नियम एकदा सांगितला की प्रौढ माणसाला कळतो, आणि रोज ठरलेल्या वेळी बसण्याची सवय असते. भाषा शिकल्यानं म्हातारपणी विसरभोळेपणा टळतो असं बरेच लोक सांगतात. मी डॉक्टर नाही, त्या कारणासाठी शिका असं मी म्हणणार नाही.

शब्द सुटतात त्यावर उपाय जुना आहे. हेर्मान एबिंगहाऊस नावाच्या जर्मन माणसानं १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून विस्मरणाचा आलेख मांडला. पाठ केलेलं आधी झपाट्यानं विसरतं, मग हळूहळू. पुढे १९७२ साली सेबास्टियान लाइटनर यानं त्यावर एक साधी पेटी सुचवली. मी ती बुटांच्या खोक्यातून केली. पाच कप्पे. चिठ्ठीच्या एका बाजूला स्पॅनिश, दुसऱ्या बाजूला मराठी. पहिला कप्पा रोज, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा आठवड्यानं, असं वाढत जायचं. शब्द आठवला तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, नाही आठवला तर परत पहिल्यात. फोनवर हेच काम करणारी अ‍ॅप आहेत, ज्यांना चालतात त्यांनी वापरावीत. मला चिठ्ठी हातानं लिहिण्यातच अर्धी पाठ होते. एकच सूचना करतो. सुटा शब्द लिहू नका, चार शब्दांचं वाक्य लिहा. आणि मागच्या बाजूला मराठी. इंग्रजी नाही.

ही मराठीची कल्पना मूळची माझी नाही, पत्नीची. तिचं शिक्षण मराठी माध्यमातलं. इंग्रजी पुस्तकं तिनं दोन दिवस चाळली आणि ठेवून दिली. मग स्पॅनिश स्वयंपाकाचे व्हिडिओ बघायला लागली आणि ऐकलेलं मराठीत टिपू लागली. चिरा, परता, मीठ घाला, झाकण ठेवा. आज्ञार्थ तिचा माझ्याआधी पक्का झाला, आणि फौजेत आयुष्य मी काढलंय! तिच्यामुळेच मला कळलं की स्पेनमध्ये तोर्तिया म्हणजे अंडी-बटाट्याचं जाड ऑम्लेट आणि मेक्सिकोत मक्याची पातळ पोळी. इंग्रजी कच्चं आहे म्हणून परदेशी भाषा आपल्यासाठी नाही, असं समजून बसलेल्या बायका आणि पुरुष मी इंदूरला, बडोद्याला, बेळगावला भेटलो आहे. त्यांतल्या निम्म्या लोकांना घरची मराठी, गल्लीतली गुजराती किंवा कन्नड आणि बाजारातली हिंदी अशा तीन भाषा येतात. चौथी त्यांना जड नाही. त्यांच्या वाटेत फक्त इंग्रजीचा दगड कोणीतरी आणून ठेवलाय.

ऐकणं सर्वांत कठीण. स्पॅनिश माणूस सेकंदाला इंग्रजापेक्षा जास्त अक्षरं बोलतो आणि शब्द एकमेकांत मिसळून टाकतो. पहिले तीन महिने मला फक्त पाऊस ऐकू येत होता. इथं दोन गोष्टी उपयोगी पडल्या. एक, १९९२ सालची 'देस्तीनोस' नावाची बावन्न भागांची मालिका. ती शिकणाऱ्यांसाठीच केलेली आहे, हळूहळू अवघड होत जाते आणि गोष्टही बरी आहे. दुसरी, एकच पाच मिनिटांचं ध्वनिमुद्रण सकाळच्या फिरण्यात आठवडाभर ऐकणं. रोज नवं नाही, तेच. पाचव्या दिवशी पावसातून थेंब वेगळे ऐकू यायला लागतात. मग त्याच्या मागोमाग मोठ्यानं बोलायचं. रस्त्यावरचे लोक बघतात. सेवानिवृत्त माणसाला तेवढी सूट असते.

बोलायला माणूस लागतो. मला कोलंबियातला एक जण भेटला, त्याला इंग्रजी हवं होतं, मला स्पॅनिश. अर्धा तास त्याचा, अर्धा तास माझा, पैशांचा व्यवहार नाही. आपण बोगोताच्या साडेदहा तास पुढे, म्हणजे माझी सकाळ ती त्याची रात्र. तिथले लोक जवळच्या मित्रालाही सर्रास 'उस्तेद' म्हणतात, म्हणजे आपलं 'तुम्ही'. स्पेनमध्ये उलट, दोन भेटींत 'तू'वर येतात. त्यासाठी त्यांच्याकडे क्रियापद आहे, 'तुतेआर'. अरेतुरे करणे. इंग्रजीत सांगून बघा बरं हे.

कोणत्या देशाची स्पॅनिश शिकावी, हा प्रश्न प्रत्येक व्याख्यानात येतो. वीसेक देशांत ही भाषा चालते आणि प्रत्येकाची चव वेगळी. बटाटा स्पेनमध्ये 'पाताता', पलीकडे 'पापा'. स्पेनमधलं 'पकडणे' हे साधं क्रियापद काही देशांत चारचौघांत उच्चारू नये असं आहे. माझं उत्तर एकच. तुम्हाला ज्या माणसाशी बोलायचंय, त्याच्या देशाची शिका. असा माणूस नसेल तर शोधा. माणूस नसताना शिकलेली भाषा खोक्यातच राहते.

माझा माणूस वायादोलिदला आहे. मुलीनं तिथल्या मुलाशी लग्न केलं. जावयाचे वडील रेल्वेच्या कारखान्यात काम करून निवृत्त झालेले. त्या पिढीला स्पेनच्या शाळांत परदेशी भाषा म्हणून बहुधा फ्रेंच शिकवत, त्यामुळे इंग्रजी शून्य. इंग्रजीत त्यांच्या-माझ्या नात्याला शब्दच नाही. मराठीत आहे, व्याही. स्पॅनिशमध्येही आहे, 'कोन्सुएग्रो'. दोन्ही भाषांना ज्या नात्याचं महत्त्व कळलं, ते आम्ही दोघं पहिली दोन वर्षं मुलीच्या तोंडून निभावत होतो. मी बोलायचं, तिनं सांगायचं, त्यांनी हसायचं, मग तिनं मला सांगायचं. विनोद दोनदा सांगितला की मरतो. आणि नात चार वर्षांची झाली तशी माझ्या मराठी प्रश्नांना स्पॅनिशमध्ये उत्तरं द्यायला लागली. तिला मी समजत होतो असं वाटत होतं. मी समजत नव्हतो. जावईबापूंना आमच्याकडचे काका भेटले, तेव्हा त्यांनी हसू दाबलं ते मी पाहिलं होतं. तिकडे लहान मुलं शी झाली की 'काका' म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत विहीणबाई गेल्या. मुलीनं दोन ओळींचा निरोप पाठवला आणि ती इस्पितळात, कागदपत्रांत अडकली. दुभाषी नव्हती. आमच्याकडे रात्रीचे साडेनऊ, तिकडे संध्याकाळचे पाच. मी व्याह्यांना फोन लावला आणि त्यांच्याकडे म्हणतात ते म्हणालो, 'ते आकोम्पान्यो एन एल सेन्तिमिएन्तो.' तुझ्या दुःखात मी तुझ्या सोबत आहे, असा त्याचा भाव. थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. मग ते म्हणाले, 'से आ इदो.' ती गेली. मराठीत आपण म्हणतो तसंच, गेली. त्यानंतर ते वीस मिनिटं बोलत होते. ती सकाळी खिडकी कशी उघडायची, शेवटच्या आठवड्यात तिला कशाची चव लागत नव्हती, असं काही. मला निम्मं कळलं. उरलेलं मी विचारलं नाही. मध्ये मध्ये 'सी' म्हणत राहिलो, म्हणजे 'हो'. त्या रात्री माझे ६०० तास भरलेले नव्हते, साधारण साडेपाचशे झाले असतील.

एकट्यानं शिकून मोठ्या झालेल्यांची उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे, गदर चळवळीतले. इंग्रजांनी मायदेशाची वाट बंद केलेली, आणि चाळिशीच्या सुमारास, १९२४ मध्ये, ते मेक्सिकोत पोचले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले, मक्याच्या वाणांवर काम केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा काढल्या. दिएगो रिवेरानं त्यांना भित्तिचित्रात रंगवलं. विदर्भातला माणूस मेक्सिकोच्या शेतकऱ्याला मका कसा लावायचा ते सांगत होता, ते त्या शेतकऱ्याच्या भाषेत. त्यांच्या हाती ना अ‍ॅप होतं ना ध्वनिमुद्रण. आपल्या शाळांच्या पुस्तकांत त्यांच्यावर एक धडा असायला हवा, असं मला फार वाटतं.

दुसरा माणूस त्यांचा, मिगेल दे सेर्वान्तेस. दक्षिण लेबनॉनमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारतीय पलटण १९९८ पासून आहे, आणि २००६ नंतर पूर्व सेक्टरचं नेतृत्व स्पेनकडे आलं. मर्जायूनजवळच्या त्यांच्या तळाचं नावच सेर्वान्तेस. मी तिथं मुख्यालयात असताना काम इंग्रजीत चाले आणि स्पॅनिश फक्त कॉफीच्या यंत्राभोवती. एका लष्करी तळाला कादंबरीकाराचं नाव का, असं मी तेव्हा विचारलं होतं. उत्तर आलं, तो आमचाच, शिपाई होता. १५७१ साली लेपांतोच्या आरमारी लढाईत त्याचा डावा हात निकामी झाला, पुढे पाच वर्षं अल्जिअर्समध्ये कैदेत काढली. 'दोन किहोते'चा पहिला भाग १६०५ साली आला तेव्हा तो सत्तावन्न वर्षांचा होता, दुसरा १६१५ साली, मरणाच्या आदल्या वर्षी. ते पुस्तक मी अजून मूळ भाषेत वाचू शकत नाही. मुलांसाठी सोपी केलेली आवृत्ती वाचून झाली आहे. दिल्लीत त्याच्याच नावाची सरकारी स्पॅनिश संस्था आहे, तिथं परीक्षा देता येतात, ए-१ पासून सी-२ पर्यंत. मी बी-१ ची तयारी करतोय. नोकरी मिळवायची नाही, पण तारीख समोर असली की अभ्यास होतो, ही सवय अकादमीपासूनची.

सध्याची स्थिती अशी. व्याह्यांशी दर रविवारी बोलतो. त्यांचे चुलतभाऊ एकत्र जमले आणि सगळे एकदम बोलायला लागले की मला अजूनही पाऊसच ऐकू येतो. नात आता मराठी गोष्ट ऐकायला तयार होते, अट एकच, मध्ये अडलं तर मी स्पॅनिशमध्ये सांगायचं. व्याही येत्या मार्चमध्ये महूला यायचे आहेत. त्यांनी स्वतःसाठी खोकं केलंय, त्यात चाळीसेक मराठी चिठ्ठ्या आहेत. 'मला चहा आवडतो' हे वाक्य त्यांना एका दिवसात जमलं, म्हणाले, हे तर आमच्यासारखंच आहे. गेल्या रविवारी त्यांनी विचारलं, की केळं आणि बाळ यांतला तो शेवटचा ध्वनी काढायचा कसा. मी त्यांना जीभ वर वळवायला सांगितली. 'ळ'वर काम चालू आहे.